गिऱ्हाईक राजी

शहाद्याच्या हारुन नालबंदाला कुणी विचारलं असतं की बाबा, तुझ्यासारखा गोड बोलून धंदा करणारा या मुलखात दुसरा कुणी आहे का, तर त्यानं जरा आठवल्यासारखं करून नाही म्हणूनच सांगितलं असतं. आणि ही काही थाप नसे, त्याला ते मनापासून वाटायचं. गावात या एका बाबतीत त्याच्याशी सहमत होणारा माणूस मात्र शोधून सापडला नसता. त्याची बायको खातून तर नव्हतीच.

हारुनची बसायची जागा भर रस्त्याला, कडुनिंबाखाली. आधी तिथं बाप बसायचा, मग हा. जागेला भिंत नाही, छप्पर नाही. एक पेटी, एक पोतं, दोर आणि हत्यारं. पण दोंडाईच्याच्या स्टेशनाकडे कापूस घेऊन निघालेली एकूणएक गाडी तिथूनच जायची आणि पुढे खडीचा रस्ता लागायचा. खडीवर बिनपत्रीचा, म्हणजे पायाला नाल नसलेला बैल चार दिवसांत खूर झिजवून बसतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन पत्र्या, बैलाला आठ, जोडीला सोळा. बैलाला दोर लावून आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचा, लोखंडाची पत्री बसवायची आणि खिळे असे मारायचे की नखात शिरले पाहिजेत पण आत मांसाला लागता कामा नयेत. जरा चुकलं की बैल गेला कामातून. हारुनच्या हातून चाळीस वर्षांत एकही बैल कामातून गेला नव्हता. मालक मात्र रोज दुखावून जायचे.

गाडीवान घाईघाईनं यायचा आणि म्हणायचा, "चाचा, लवकर कर, माल पोचाडना शे."

हारुन त्याच्याकडे बघायचाच नाही. बैलाच्या नाकपुड्या बघायचा. "बैलले पानी पाजं का?"

"पुढे पाजसू ना."

"पहिले पानी पाज. मंग त्याले घडीभर बसू दे. तू बी बस, बीडी पी. आनि तुले घाई व्हई ते तू जाय, बैल ऱ्हाऊ दे."

एका व्यापाऱ्यानं पातळ पत्र्या मागितल्या, तर त्या स्वतःच्या जोड्याला ठोकून घे असं त्याला चारचौघांत सांगितलं. एकाच्या बैलाच्या पाठीवर पराणी टोचल्याचे वण दिसले, तर पत्री मारायची सोडून हारुन अर्धा तास त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करत बसला. एकाला तर परत घरीच पाठवलं, कारण काय, तर तुझा बैल आज पडायला तयार नाही. आणि एवढं सगळं करून घरी जेवायला बसला की खातूनला म्हणायचा, धंद्यात एक गोष्ट सांभाळावी लागते, गिऱ्हाइकाचं मन मोडू नये. खातून भाकरी थापता थापता हूं म्हणायची. चाळीस वर्षांच्या संसारात बाईमाणूस हूं म्हणायला शिकतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एकोणीसशे छत्तीसच्या हिवाळ्यात गावात सुधारणा आली. शेतकी आणि जनावरांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, त्यासाठी बाजार सुधारणा मंडळ निघालं आणि मंडळाचे चिटणीस झाले सबनीस मास्तर. मास्तर नुकतेच बाहेरगावच्या शाळेतून निवृत्त होऊन इथं आलेले, त्यामुळे आता सबंध गावाला शिकवायला मोकळे. त्यांनी कारागिरांची सभा घेतली आणि सांगितलं की रस्ता रुंद होणार आहे. कडेला बसणारे सगळे उठतील. प्रत्येक धंद्याच्या एकाच माणसाला मंडळाचं प्रमाणपत्र मिळेल, आणि ज्याच्याजवळ प्रमाणपत्र त्यालाच रस्त्यावर जागा.

हारुन मनातल्या मनात कोस मोजायला लागला. जागा गेली तर पेटी खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचं. त्याचं वय साठीला टेकलेलं, आणि उजवा खांदा तर असा की सकाळी सदरा घालायला खातून लागायची. फिरस्ता नालबंद तरुणपणी शोभतो. अशा खांद्यानं चार कोस चालायचं, बैल पाडायचे आणि पुन्हा चार कोस चालत यायचं, म्हणजे एक हिवाळासुद्धा निघायचा नाही. त्याला ती जागा पाहिजे होती, बस्स. दुसरं काही नको होतं.

"प्रमाणपत्रासाठी प्रत्येकानं आपलं ब्रीद लिहून द्यायचं आहे," मास्तर म्हणाले. "ब्रीद म्हणजे काय? तर आपण आपल्या व्यवसायात सर्वांत जास्त कशाला मानतो ते. चार शब्दांत. अंतर्मुख होऊन विचार करा."

कारागीर अंतर्मुख झाले. अनीस शिंप्यानं सगळ्यांत आधी डोकं वर काढून सांगितलं, वेळेवर काम. अनीसनं या ईदचे कपडे पुढल्या ईदला दिलेले सगळ्यांना माहीत होतं. धुडकू कुंभारानं टिकाऊपणा सांगितला. त्याचे माठ घरी नेईपर्यंत टिकायचे, एवढं खरं. मग मास्तर हारुनकडे वळले.

हारुनला विचार करावाच लागला नाही. तो म्हणाला, "गिऱ्हाईक राजी, ते हारुन राजी."

सभेत एकदम खोकल्याची साथ आली. मास्तर बाहेरगावचे, त्यांना काही कळलं नाही. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच ते शुद्ध करून घेतलं, 'ग्राहकसंतोष हेच आमचे ब्रीद', आणि पाटीवर रंगवायला पाठवलं.

घरी येऊन हारुननं हे खातूनला सांगितलं. खातून हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, ठसका, शेवटी शेजारची नईमा काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावली.

"तुमने किसकू राजी किया आजतक?" खातून श्वास घेत म्हणाली. "एक नाम बताओ. एक."

हारुननं बराच विचार केला आणि एक नाव सांगितलं. तो माणूस वारून बारा वर्षं झाली होती. हारुन रागावून बाहेर जाऊन बसला. बायकांना धंद्यातलं काही कळत नाही, हे त्यानं ओट्यावरच्या बकरीला सांगितलं.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना कळसाडीचे चुनीलालभाई त्याच्याकडे आले. चुनीलालभाई म्हणजे गुजर शेतकऱ्यांतलं बडं प्रस्थ. ऊस, कापूस, दारात जोड्या बांधलेल्या, शिवाय मंडळाचे उपाध्यक्ष. प्रमाणपत्रांची यादी त्यांच्या सहीनं निघणार होती. बरोबर त्यांचा सालदार गडी सुकराम होता आणि सुकरामच्या हातात पाखऱ्याचा कासरा. पाखऱ्या म्हणजे पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, चार गावांत नाव असलेला बैल. प्रदर्शनात जोडीचं पहिलं बक्षीस त्याच्या जोडीला, हे चुनीलालनं आठ दिवस आधीपासून भाऊबंदांना सांगून ठेवलेलं. आणि पाखऱ्या पुढच्या उजव्या पायानं लंगडत होता.

हारुननं पाय हातात घेतला. नखाला उभी चीर गेली होती, पार वरपर्यंत. त्यानं चुनीलालकडे न बघता सुरुवात केली. चीर एका दिवसात पडत नाही, हे जनावर दहा दिवसांपासून सांगतंय, घरात कुणाला डोळे आहेत की नाहीत. दोन महिने याला जू दाखवायचं नाही. वगैरे वगैरे.

चुनीलालनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, दोन महिनानं मंग पाहू. शनिवारनं बोल. शनिवारना दिन त्यानं लंगडानं नही."

"ते कसं व्हई?"

"व्हस. तुले माहीत शे कसं व्हस."

हारुनला माहीत होतं. ही युक्ती त्याला तरुणपणी कुठल्याशा घोडेवाल्यानं दाखवली होती. जनावर एका पायानं लंगडतं कारण दुसरा पाय चांगला असतो. चांगल्या पायाच्या पत्रीखाली एक बारीकसा खडा बसवला की तोही दुखतो. मग जनावर लंगडणार कुठल्या पायानं? दोन्ही पाय सारखेच जपून टाकतं आणि चाल सरळ दिसते. हारुननं हे पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. ज्यानं दाखवलं होतं त्याच्याशी तो त्या दिवसापासून बोलला नव्हता.

"नही," हारुन म्हणाला.

"तुन्हं ब्रीद काय शे, चाचा?" चुनीलालनं विचारलं. आवाजात दमदाटी अजिबात नव्हती, असती तर बरं झालं असतं. "मास्तरनी माले पाटी दखाडी. मी म्हनं, चला, एक माणूस ते शे ज्याले गिऱ्हाईकना जीवनी कदर शे. मी तुन्हं गिऱ्हाईक. तीस वरीसपाईन. तुले कधी काही मांगं का? आज पहिल्यांदा मांगस. एक दिनना सवाल शे. आनि यादी मन्हापाशीच शे, ती काही मी इसरत नही."

आता बघा, माणूस स्वतःविषयी काहीतरी समजून चालतो आणि लोक ते ऐकून गप्प बसतात, तोवर काही बिघडत नाही. पंचाईत होते ती कुणीतरी ते खरं मानून चालल्यावर. हारुन विचारात पडला. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही हे तर आपलंच म्हणणं. चाळीस वर्षं आपण तेच करत आलो. मग आजच अडायचं कारण काय? आणि खांदा. आणि जागा. त्यानं सुकरामला दोर लावायला सांगितलं.

बैल पडला. हारुननं रस्त्याच्या कडेचे पाच खडे उचलले, तळहातावर घेऊन पाहिले, चार टाकून दिले. उरलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, चपटा, त्यानं चांगल्या डाव्या पायाच्या पत्रीखाली बसवला आणि खिळे मारले. सुकराम बैलाचं डोकं धरून बसला होता. त्यानं विचारलं, "चाचा, हाऊ काय करी ऱ्हायना तू?" हारुननं पुढचा खिळा ठोकला.

पाखऱ्या उठला आणि चालला. काय चालला म्हणून सांगू. लंगडणं कुठल्या कुठे गेलं. पाऊल मोजून टाकावं, मान स्थिर ठेवावी, जसा काही लग्नाच्या वरातीत निघालेला. चुनीलालनं हारुनच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या, आणि म्हणाला, "चाचा, तुन्हासारखा कारीगर नही." चाळीस वर्षांत कडुनिंबाखालून समाधानानं गेलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. हारुनला खरं तर त्या दिवशी गूळ वाटायला हवा होता. पण त्याला अन्न जाईना. खातूननं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

शनिवारी प्रदर्शनाला ही गर्दी. कारागिरांना एका बाजूला मांडव दिलेला. हारुनच्या डोक्यावर पाटी, 'ग्राहकसंतोष हेच आमचे ब्रीद', आणि खाली हारुन, पेटीवर, नवा सदरा घालून. येणारा जाणारा पाटी वाचायचा, हारुनकडे बघायचा आणि पुन्हा वाचायचा. समोरच रिंगण होतं. धुळ्याहून आलेले ढोरांचे डॉक्टर परीक्षक म्हणून बसले होते. एकेक जोडी फिरून गेली. मग सुकराम पाखऱ्याची जोडी घेऊन आला.

एक फेरी झाली. लोकांत वाहवा झाली. दुसऱ्या फेरीला डॉक्टर खुर्चीतून उठून पुढे आले. शेजारच्या सबनीस मास्तरांना म्हणाले, "याला म्हणतात डौल. पाहा, पाऊल कसं मोजून टाकतो. ही चाल रक्तातच असावी लागते." मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं.

हारुनला ते वाक्य नीट ऐकू आलं. रक्तात असलेली ती चाल कुठून आली हे तिथल्या चौघांनाच माहीत होतं. त्यातला एक बैल. तिसऱ्या फेरीला पाखऱ्या मांडवासमोरून गेला तेव्हा हारुनला त्याच्या पुढच्या पायांची कातडी थरथरताना दिसली. डावा टेकला की उजव्यावर जायची घाई, उजवा टेकला की डाव्यावर. बिचाऱ्याला उभं राहायला जागाच नव्हती. सुकराम कासरा धरून चालत होता, पण त्याची नजर ना डॉक्टरांकडे होती ना मालकाकडे. तो सरळ हारुनकडे बघत होता.

हारुननं पेटीतून सांडशी काढली आणि रिंगणात शिरला.

कुणाला वाटलं सत्कार घ्यायला चाललाय. चुनीलालनं हात वर करून थांब म्हणून खूण केली, ती त्यानं पाहिली नाही. "सुकराम, त्याले बसाड," तो म्हणाला. सुकराम जणू तीन दिवस याचीच वाट पाहत होता. त्यानं पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला आणि बैल लगेच खाली बसला. भर प्रदर्शनात, पहिलं बक्षीस डोक्यावर असताना, बैल मटकन बसला. हारुननं डावा पाय ओढून घेतला, भराभर खिळे उपसले, पत्री काढली. खडा मातीत पडला. डॉक्टरांनी वाकून तो उचलला, बोटांत फिरवला, नखावरचा लाल डाग पाहिला आणि विचारलं, "हे कुणाचं काम?"

"माले काही माहीत नही," चुनीलाल पटकन म्हणाला. "पत्री या नालबंदनी मारी."

हे तर खरंच होतं. हारुननं मान हलवली.

सोमवारी मंडळाच्या कचेरीत चौकशी ठेवली. रविवारी दुपारी चुनीलाल हारुनच्या घरी आला. त्याचा चेहरा उतरला होता. चार गावांत छीथू झाली होती, आणि चौकशीत आपलं नाव निघालं तर मंडळातूनही जावं लागणार ही धास्ती होती. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "चाचा, जे व्हयनं ते व्हयनं. उद्या तू इतलंच सांग, खडा चुकीसन ऱ्हाई गया. चुकी कोनाबी हातथून व्हस. तुले कोनी काही करत नही. प्रमाणपत्र ऱ्हाई, जागा ऱ्हाई. मी पाही लेसू."

तो गेल्यावर खातून म्हणाली, "बोल दो ना. तीन लफ्ज है. खांदा देखो अपना."

हारुन कबूल झाला. खरंच कबूल झाला. त्याला सत्यवादी वगैरे ठरवण्यात काही अर्थ नाही. बैलाच्या पायातला खडा निघाला होता. आता माणसांशी थोडं खोटं बोलायला त्याची काही हरकत नव्हती. तो रात्री नीट जेवला.

कचेरीत टेबलापलीकडे डॉक्टर, सबनीस मास्तर आणि चुनीलाल. दाराशी बघ्यांची दाटी. मास्तर जबाब लिहून घेत होते. मास्तरांना हारुनविषयी मनातून माया होती आणि त्याला कसंही करून सोडवायचंच असा त्यांनी निश्चय केला होता. तिथंच सगळं फिसकटलं.

"हारुनभाई, खडा कसा राहिला?"

"चुकीसन ऱ्हायना," हारुन खाली बघून म्हणाला.

"हं. म्हणजे..." मास्तर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागले, "'माझ्या हातून कामाच्या घाईत चुकून...' घाई असेलच, प्रदर्शन तोंडावर आलेलं."

हारुननं मान वर केली. घाई? त्यानं जन्मात कधी घाई केली नव्हती. पण त्यानं मान पुन्हा खाली घातली.

"'...पत्री बसविण्यापूर्वी खूर नीट साफ न केल्यामुळे...'"

हारुनची मान परत वर आली. दाराशी उभा असलेला एक गाडीवान खुदकन हसला. हा तोच, ज्याला खूर तीनदा धुऊन आणायला लावलं होतं.

"'...व वयोमानाने नजर कमी झाल्यामुळे एक खडा पत्रीखाली राहून गेला, व तो माझ्या लक्षात आला नाही.' ठीक आहे ना? इथं सही करा."

"ठीक नही," हारुन म्हणाला.

चुनीलालनं टेबलाखालून पाय हलवला. मास्तर म्हणाले, "काय बदलायचं?"

"सगळं." हारुन उभा राहिला. त्याला काय होत होतं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं, पण आवाज चढत गेला. "मन्ही पत्रीखाल खडा चुकीसन ऱ्हास? बापनापाईन आजलोंग कोनी असं म्हनं नही. माले आंधया लिखी ऱ्हायनात तुम्ही. खडा मी ठेवा. पाच खडा पाह्यात, चार फेकी दिन्हात, हाऊ एक निवडी लिन्हा. मोठा ऱ्हाता ते बैल बसी जाता, ल्हाना ऱ्हाता ते लंगडता. बरोबर तितलाच व्हता जितला पाहिजे."

मास्तरांची लेखणी हवेतच राहिली. क्रूर म्हटलेलं चालेल पण गबाळा म्हटलेलं चालणार नाही, असा आरोपी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"कुणी सांगितलं ठेवायला?" डॉक्टरांनी विचारलं.

चुनीलाल समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. हारुननं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "हात कोना व्हता? मन्हा."

"मग काढलात कशाला? बक्षीस मिळतच होतं," डॉक्टर म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमचं ब्रीद मी वाचलंय. गिऱ्हाईक राजी पाहिजे. गिऱ्हाईक तर राजी होतं."

"नही साहेब," हारुन म्हणाला. "गिऱ्हाईक राजी नव्हतं."

"चुनीलालभाई राजी नव्हते?"

"चुनीभाई नही. बैल."

दाराशी हशा उसळला. हारुन मात्र हसला नाही. बोलून गेल्यावर तो जागच्या जागी थबकून उभा राहिला. चाळीस वर्षं गिऱ्हाईक गिऱ्हाईक म्हणत आलो, आणि ज्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही त्यालाच आपण गिऱ्हाईक म्हणत होतो, हे त्याला त्या क्षणाला, भर कचेरीत, इतक्या लोकांदेखत कळलं. मालक म्हणजे नुसता त्याला घेऊन येणारा. आणि ज्या एका दिवशी आपण मालकाला गिऱ्हाईक मानलं, त्याच दिवशी खडा उचलला. त्याला बसावंसं वाटलं, पण आरोपीला खुर्ची नव्हती.

मास्तरांनी जड हातानं नवा कागद घेतला. 'जनावरास जाणूनबुजून क्रूरपणे वागविल्याबद्दल हारुन नालबंद यांस प्रमाणपत्र नाकारण्यात येत आहे. त्यांनी आठ दिवसांत रस्त्यावरील जागा सोडावी.' वाचून झाल्यावर मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं, काही हरकत घ्यायची आहे का. ज्या गावात बैलाला उपाशी जुंपणारे, पराणी खुपसणारे, म्हातारा झाला की हाकलून देणारे सुखानं नांदत होते, तिथं मंडळाच्या दप्तरी क्रूर म्हणून पहिलं नाव लागत होतं ते हारुनचं.

"हरकत काय," हारुन म्हणाला. "बरोबर शे. ठेवाच ना खडा." आणि त्यानं सही केली.

बाहेर आला तर कचेरीसमोर चुनीलालची गाडी उभी. आणि गाडीला पाखऱ्या जुंपलेला. उजवा पाय चिरलेला, डावा शनिवारपासून बिनपत्रीचा, आणि कळसाडीपासून खडीवरून चालत आणलेला. चुनीलाल मागून येत होता. काहीतरी आभाराचं बोलायच्या तयारीनं आला होता बिचारा. त्यानं तोंड उघडायच्या आत हारुननं उपाध्यक्षांना भर रस्त्यात जे काही ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. बघे जिथल्या तिथं उभे राहिले. सुकराम जू सोडायला लागला, त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पाखऱ्याला हळूहळू कडुनिंबाखाली नेला, पाणी पाजलं, घडीभर बसू दिलं. मग दोर लावून आडवा केला. सुकराम पाय धरायला बसला, म्हणून डोकं धरायला माणूस उरला नाही. चुनीलालनं इकडे तिकडे पाहिलं. मग पांढरं धोतर घेऊन तसाच मातीत बसला आणि बैलाचं डोकं मांडीवर घेतलं. तीस वर्षांत तो इथं नेहमी उभाच राहिला होता.

"चाचा, मन्हं नाव का नही लिन्हं?" त्यानं विचारलं.

"डोकं नीट धर."

हारुननं खूर धुतला, तासला, खड्यानं झालेल्या जखमेवर हळद आणि तेल दाबलं, त्यावर कापूस ठेवला आणि पत्री बेतून पाहिली. खांदा ठणकत होता. अजून आठ दिवस ही जागा होती, मग पेटी खांद्यावर. त्याचा विचार त्याला आत्ता करायचा नव्हता. दोन महिने जू नाही, एवढं तो मान खाली घालून म्हणाला, आणि चुनीलाल नुसतं हो म्हणाला. कापसाची गाडी कोण ओढेल, असं त्यानं विचारलं नाही. बैलाचा श्वास त्याच्या मांडीवर लागत होता.

बऱ्याच वेळानं चुनीलालनं हळूच विचारलं, "चाचा, त्या दिन त्याले लई दुखनं व्हई का?"

हारुनच्या ओठांत खिळे धरलेले होते. त्यानं ते एकेक करून काढून तळहातावर घेतले.

"हा," तो म्हणाला. "खडा मीच निवडी लिन्हा ना. माले माहीत शे, कितलं दुखनं ते."

मग त्यानं खिळे पुन्हा ओठांत धरले आणि बैलाचा पाय हातात घेतला.